चंदना नावाचा सर्व्हर

“पहिला सर्व्हर जोडशील तेव्हा त्याला तुझंच नाव दे. आणि पुढं जी डिस्क दिसेल ती रिकामी समजू नकोस. आपल्या आया लाकूड झटकल्याशिवाय चुलीत घालायच्या का? आत जीव असायचा. तसं झटकून बघ. काही सापडलं तर ज्याचं त्याला पोचव. वचन दे, चंदना.”

ऑफिसातला शेवटचा दिवस संपवून मदनदादा जिन्यात उभा होता. हातात जेवणाचा डबा, काखेत छत्री. नोकरी गेलेली. चंदना “दिलं” म्हणाली, ती तो एकदाचा जावा म्हणून.

आज स्क्रीननं नव्या सर्व्हरचं नाव विचारलं आणि तिला ते आठवलं. गेलेल्या माणसाचं एवढं तरी ऐकावं म्हणून तिनं स्वतःचं नाव घातलं.

मागून गोमटेशसाहेब हसले. सांगलीतल्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयाचा कारभार त्यांच्याकडं होता.

“सर्व्हरला बायकांची नावं? मग संक्रांतीला वाण पण दे त्याला.”

“देते की साहेब.”

“दे. पण मदन करू नकोस म्हणजे झालं.”

ऑफिसात हा शब्दच पडला होता. कुणाच्या हातून फाईल पुसली गेली की ‘मदन केला’ म्हणायचे. चंदनाही म्हणायची.

त्या थंड खोलीत एकेका सर्व्हरच्या पोटात सात-आठ कॉम्प्युटर नांदत. एक केसपेपरचा, एक औषधांचा, एक तपासण्यांचा. पण त्यांचा सगळा संसार खालच्या सामायिक डिस्कवर. नवा सर्व्हर त्या डिस्कला जोडताना स्क्रीन विचारते, आहे तशी ठेवायची की फॉरमॅट करायची? तिथं बोट चुकलं की भरलं घर पुसलं जातं.

तीन वर्षांपूर्वी असाच सर्व्हर जोडताना मदनचं बोट चुकलं. वर्षभराचे केसपेपर गेले. “माझ्याच हातून झालं,” असं तो स्वतः सर्वांदेखत म्हणाला. गोमटेशसाहेब रागावलेसुद्धा नाहीत. “होतं असं,” म्हणाले आणि त्याला रिक्षापर्यंत सोडून आले.

राग आला होता तो चंदनाला. त्या केसपेपरात रेश्माचाही होता. जतची पोर. साध्या ऑपरेशनला आली, टेबलावरून उठलीच नाही. तिच्या आईनं, अंजनानं, दावा लावला. कोर्टानं कागद मागितले आणि त्याच आठवड्यात कागद गेले. दावा पडला.

अंजना आजही सकाळी येऊन गेली होती. काउंटरची कड धरून उभी राहिली.

“बाई, घावला का वो कागुद माझ्या पोरीचा?”

“नाही हो मावशी. गेलेलं परत येत नाही.”

“व्हय, दर बारीला तेच सांगतासा.” ती पदर घट्ट आवळत म्हणाली, “आता न्हाई येत मी. गुडघं लय दुकत्यात. लोक म्हनत्यात, पोरीला आदीचाच आजार हुता आन मी लपवला. मी लपवीन व्हय?”

 चंदनाचा चतुर्दशीचा उपवास होता. 

वाटेत मुंगी दिसली तर पाऊल वळवणारी ती. पण त्या वर्षी क्षमावाणीला, जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, मदन दाराशी आला, “उत्तम क्षमा, चंदना. जरा बोलायचं होतं,” म्हणाला, तेव्हा तिनं कडीसुद्धा काढली नव्हती.

“क्षमा त्या जतच्या बाईची मागा.”

“तिच्यासाठीच आलोय गं.”

तिनं आतून दिवा मालवला. पुढं तो शिरवळला एका कारखान्यात रखवालदार झाला आणि तिथंच छातीत कळ येऊन गेला. ती मातीलाही गेली नाही.

स्क्रीनवर डिस्का आल्या. एक यायला हवी होती. आल्या दोन.

“ही दुसरी कुठली?” चंदना म्हणाली.

साहेब वाकले. “ही? ही तर माझ्यासमोर पुसली...” ते थांबले. चष्मा पुसला. “जुनी असेल. मदननं घालवलेली. रिकामीच आहे. टाक फॉरमॅट करून, तेवढीच जागा मिळेल.”

“एवढी वर्षं दिसली नव्हती साहेब.”

“दिसली नाही म्हणजेच काही नाही त्यात. कर.”

त्यांचा फोन वाजला. ते बाहेर गेले.

चंदनाचं बोट ‘फॉरमॅट’वर होतं. मग तिनं ते काढलं, मनात णमोकार मंत्र म्हटला आणि ‘आहे तशी ठेवा’वर नेलं.

थोड्या वेळानं दार उघडलं. साहेब आत आले नाहीत, तिथूनच म्हणाले, “केलीस?”

“झटकली, साहेब.”

“शाबास. काही राहिलं नाही ना?”

“माझ्याकडून काही हरवलं नाही साहेब.”

त्या डिस्कवरचे केसपेपर उतरवून घेतलेला छोटा पेन ड्राइव्ह तिनं पदराच्या गाठीत बांधला. नवा सर्व्हर नीट चालत होता, आजचे केसपेपर सगळे जागेवर होते. स्क्रीन बंद करण्याआधी तिनं त्या दुसऱ्या डिस्कची माहिती पुन्हा एकदा वाचली. लपवणाऱ्याचं नाव, मदन. तारीख, त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाची. कुठल्या सर्व्हरला दिसावी, तर फक्त ‘चंदना’ला. आणि त्यानं डिस्कला नाव दिलं होतं, रेश्मा. तिनं चपला घातल्या, स्टँडवर आली आणि हळूच विचारलं, “जतची गाडी कुठं लागते हो?”