मेंढीनं अंग टाकलं

मेंढीनं अंग टाकलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पलूसजवळच्या एका तोडलेल्या उसाच्या रानात कोंडीबाचा गावोगाव फिरणारा कळप खतासाठी बसवला होता. "बये, पानी कोमट करून आन," कोंडीबानं हाक मारली आणि बयाबाई चुलीकडे वळली.

पाणी आणून तिनं मेंढीचं तोंड मांडीत धरून ठेवलं. कोंडीबाचे हात राकट, भाकरी मोडली तरी निम्मी खाली सांडणारे. पण मेंढीचं मागून बाहेर आलेलं लालभडक अंग त्यानं तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तसं धुतलं. मग तळव्यानं हळूहळू आत सारलं आणि पुन्हा बाहेर येऊ नये म्हणून वरून दोरीची बांधणी केली. बघता बघता बयाबाईला भरून आलं. तिला त्या मेंढीचा हेवा वाटत होता. या वयात, आणि मेंढीचा!

गेली कित्येक वर्षं तिचंही अंग, गर्भपिशवी, बाहेर येत होतं. जुन्या लुगड्याची घडी लावून ती तशीच चालायची. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. लाज तर होतीच, पण खरी धास्ती वेगळी होती. कळलं की तो तिला लेकाकडे गावी ठेवून जाईल, आणि चार भिंतींत बसून राहणं तिच्या कल्पनेतही बसत नव्हतं. आज सकाळी मात्र गावाहून भेटायला आलेल्या नातीनं, प्रांजलनं, ते ओळखून आजोबाला "आज्जीची कंबर दाखवून आणते" अशी थाप मारली आणि तिला पलूसच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून रबराची एक रिंग आत बसवली. "ऑपरेशनची घाई नाही, आजी. चाला, फिरा, अधूनमधून दाखवायला या. फक्त जड उचलू नका." दवाखान्यातून बाहेर पडताना किती दिवसांनी बयाबाईची पावलं सरळ पडली.

"मला काल सांजंलाच वळखू आलं हुतं," हात धूत कोंडीबा म्हणाला. "जरा फेंगडी चालाय लागली हुती. मुकं जनावर, सांगणार कसं? आपुनच बगाय पायजे."

"व्हय," बयाबाई म्हणाली. गप्प राहायचं तिनं ठरवलं होतं, तरी तोंडून निघून गेलं. "मला तर बोलता येतंय. तरी न्हाई सांगितलं."

"काय?"

"ह्येच. मेंढीला झालं त्येच. लय वरसं झाली."

कोंडीबा तिच्याकडे बघतच राहिला. हात पुसायचे राहून गेले. "आन् मला दिसलं न्हाई?"

"दिसंल कसं? तुमी कळपाच्या म्होरं, मी बिऱ्हाडाच्या घोड्यासंगं मागं. सगळा जल्म तसाच गेला."

त्यानं घोड्याकडे, बिऱ्हाडाकडे वळून बघितलं. आता हा लेकाला फोन लावायला सांगणार, असं बयाबाईला वाटलं. ती घाईघाईनं म्हणाली, "आवं, आज डाक्तरीणबाईंनी रिंग बसवलीया. चाल म्हणल्या. वज्जं तेवढं उचलू नगं म्हणल्या. मला माघारी धाडू नगा."

"कोन धाडतंय तुला?" कोंडीबा म्हणाला. तो बांधलेल्या मेंढीच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिला.

"घोडं, बिऱ्हाड आता माझ्याकडं," मग तो म्हणाला. "उद्यापास्नं म्होरं तू चाल. मेंढरं तुझ्या पायानं येत्याल."

"आन् तुमी?"

"मी मागनं येतो. बगत."