बन्सीधररावांचा वानोळा

“ह्याच्यात माती लागलेली मेथी न्हाई का?” बन्सीधररावांनी विचारलं.

परभणीच्या त्या गारेगार दुकानातली मुलगी गोंधळली. माती लागली म्हणून भाजी परत आणणारे तिने रोज पाहिले होते, माती मागणारा पहिलाच. “काका, सगळं धुतलेलंच येतंय,” ती म्हणाली. शहरातल्या लोकांना भाजीतलं काही कळत नाही, असा चेहरा करून बन्सीधरराव वांग्यांकडे वळले.

त्यांना तरी कुठे कळत होतं म्हणा. जिंतूरकडे वीस एकर काळी जमीन, दोन विहिरी आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत सोयाबीन नि कापूस. वरणावर घालायची कोथिंबीरसुद्धा आठवडी बाजारातून यायची. भाजीपाला हे दोन एकरवाल्यांचं काम, खानदानी शेतकऱ्याने मेथी निंदत बसायचं नसतं, असं ते पारावर बसून सांगत. पारावर त्यांचा शब्द कोणी खोडत नसे, कारण चहा तेच पाजत.

अडचण महारुद्राची होती. मुलगा चौतिशीला आला आणि सात ठिकाणांहून नकार. आठवं स्थळ पोखर्णीजवळचं होतं, ओमप्रकाश आणि कडूबाईंची सृष्टी. जमीन दोनच एकर, पण मुलीला अट घालायची हौस. मध्यस्थी करणारा दत्ता म्हणाला होता, “नुसता सोयाबीन पेरून पारावर बसणारा नको म्हणायलीय पोरगी. भाजीपाला करणारा पायजे.”

“मग सांग की, एकरभर मळा हाय म्हणून,” बन्सीधरराव म्हणाले, आणि दत्ताने सांगून टाकलं. मळा असा एका वाक्यात तयार झाला. पण मळेवाल्याने पाव्हण्यांकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं. शेतातलं ताजं काहीतरी चवीला न्यायचं, वानोळा म्हणून. तो काही एका वाक्यात उगवेना. म्हणून पोखर्णीच्या वाटेवर हे दुकान.

“बाबा, खरं सांगून टाकू,” टोपली धरून उभा असलेला महारुद्र हळूच म्हणाला. “पुढच्या सालापासून लावतो म्हणावं भाजी.”

“सात जागी खरंच सांगितलं न्हवं? काय मिळालं?”

महारुद्राने टोपली पुढे केली. बन्सीधररावांनी वांगी घेतली, मुळे घेतले. मेथीपाशी मात्र ते अडले. सगळ्या जुड्यांना रबर लावलेलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या क्रेटमध्ये त्यांना चार जुड्या दिसल्या, कापडाच्या चिंधीने बांधलेल्या. नारिंगी चिंधी, वर पांढरी फुलं. त्यांचा चेहरा खुलला. “बघ, ही शेतकऱ्याची गाठ. घरचीच वाटती. असं बघून घ्यावं लागतंय.”

पुढे रस्त्याकडेला गाडी थांबवून त्यांनी वांग्यांवरचे स्टिकर नखाने काढले आणि मुळ्यांना ओली माती फासली. धुतल्याचे पैसे मोजून पुन्हा मळवायचं, एवढे कष्ट त्यांनी गेल्या दहा वर्षांत स्वतःच्या शेतात केले नव्हते.

ओमप्रकाशांच्या घरी सगळं सुरळीत चाललं. पोहे झाले, चहा झाला. सृष्टीने महारुद्राला सरळच विचारलं, “मेथीला पाणी किती दिवसांनी देता?”

बन्सीधररावांनी खाकरून इशारा केला. महारुद्राने तिकडे लक्षच दिलं नाही. “मला मळ्यातलं लय कळत न्हाई,” तो म्हणाला. “पण शिकायची तयारी हाय.”

सृष्टीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हसली. “येतंय की. अवघड न्हाई काही,” म्हणत ती कपबशा घेऊन आत गेली. महारुद्राला ती मनापासून आवडली. ओमप्रकाशांनीही बायकोकडे पाहून मान डोलावली. आता गप्प बसलं असतं तरी लग्न ठरलं असतं. पण गप्प बसणं बन्सीधररावांना कधी जमलं नव्हतं. मुलाने घालवलेली इज्जत परत मिळवायला ते उठले आणि पिशवी कडूबाईंसमोर पालथी केली.

“वानोळा हाय, ताई. आमच्या मळ्यातला. मेथी तर ह्याच्या आईनं सोताच्या हातानं बांधलीय.”

महारुद्राने मान खाली घातली. कडूबाईंनी एक जुडी उचलली. नारिंगी गाठीवरून अंगठा फिरवला. एकदा बन्सीधररावांकडे पाहिलं, एकदा खाली बघणाऱ्या महारुद्राकडे. मग आत हाक मारली.

“सृष्टे, तुझी फाटकी ओढणी चिरून काल परभणीच्या दुकानाला मेथी बांधली न्हवं का आपण? भाईर ये अन् बघ, पाव्हण्यांच्या मळ्यात उगवलीय.”