बापाचं रक्त

“आधी तुमची घ्या,” बायको म्हणाली आणि पाण्याचा पेला तिने त्याच्यापुढे आदळला.

कंपाउंडरने कोलेस्टेरॉलच्या बाटलीतली गोळी गिळली. मग कॅल्शियमच्या बाटलीतली तिच्या तळहातावर ठेवली आणि ती घशाखाली उतरेपर्यंत तिच्यासमोरून हलला नाही.

“माझ्या हाडांची केवढी काळजी,” ती म्हणाली. “पोराच्या काळजाची केली असती तर.”

त्याने दोन्ही बाटल्यांची झाकणं घट्ट लावली. त्याची उभी हयात औषधांच्या दुकानात गेलेली. घरातल्या गोळ्या तोच बाटल्यांत भरायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. गिऱ्हाइकांशी तासन्‌तास गप्पा छाटणाऱ्या या माणसाची घरात मात्र वर्षभर वाचा बसली होती.

गेल्या वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा ऑफिसचा जिना चढताना कोसळला तो उठलाच नाही. पस्तिशीही गाठली नव्हती त्याने. डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉलचा हा आजार रक्तातून येतो, आईकडून नाहीतर वडिलांकडून. दोघांचंही रक्त तपासलं. निकाल ऐकायला कंपाउंडर एकटाच गेला आणि घरी येऊन म्हणाला, “माझ्याकडूनच गेलं ते.”

“सगळ्या जगाला तपासण्या करा म्हणून सांगत होता,” ती म्हणायची. “स्वतःची केली असती, तर पोराला वेळेवर औषध मिळालं असतं.” तिच्या रागाला कोणीतरी हवं होतं आणि नवरा घरातच होता. रात्री दोघं एकाच खोलीत पाठमोरी पडून रडत, पण एकमेकांना हाक मारत नसत.

डॉक्टरांनी आधी कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन दिलं होतं. त्याच सुमाराला तिच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. कंपाउंडरने तिचं कॅल्शियम बदललं आणि लगोलग स्वतःचीही गोळी बदलून आणली.

“मला स्टॅटिन सोसत नाही,” तो म्हणाला. “ही वेगळी आहे. खाल्लेलं कोलेस्टेरॉल आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही.”

“आता तुमचं जाऊ दे नाहीतर राहू दे,” ती म्हणाली.

आज दोघांच्या तपासणीचा निकाल होता. दवाखान्यात ती बाहेरच्या बाकावरच बसली.

“तुम्हीच जा. मला ते आकडे ऐकवत नाहीत.”

आत डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. “उतरलंय, पण पुरेसं नाही. आता इंजेक्शन सुरू करावं लागेल, पंधरा दिवसांतून एकदा.”

कंपाउंडरचा चेहरा पडला. “गोळ्यांवर नाही का भागणार?”

“नाही. हृदयाला धोका आहे. आणि आता घरी खरं काय ते सांगून टाका. किती दिवस एकट्याने बोलणी खाणार?”

कंपाउंडरने अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं. मग उठून ते नीट लावलं.

“गोळ्यांसारखंच इंजेक्शनही हाडांचं आहे म्हणून टोचीन मी तिला,” तो म्हणाला. “पोराचा आजार तिच्या रक्तातून आला, हे तिला कळायला नको.”