बाहुल्यांची गार खोली

दार ढकललं आणि गार हवेचा झोत ताईच्या घामेजल्या तोंडावर आला.

"आत ये नाहीतर बाहेर थांब. दार उघडं ठेवू नकोस," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. त्याने वरही पाहिलं नाही. हातांत पांढरे सुती मोजे, मांडीवर मऊ टॉवेल, आणि टॉवेलवर वीतभर उंचीचा, तीन डोळ्यांचा प्लास्टिकचा सेनापती उताणा पडलेला. कापसाच्या बोळ्याने धाकटा त्याच्या काखा पुसत होता. चाळिशी उलटलेला माणूस.

ताई नुकतीच गावाहून आली होती. आल्याआल्या तिने बाहेरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या बाबांना कुशीवर वळवलं आणि चटकन तोंड फिरवलं. चादर पाठीला चिकटली होती. सोडवताना थोडी कातडीही चादरीसोबत आली. वर पंखा गरम वाराच खाली ढकलत होता आणि सगळ्या खोलीत गोडसर, कुजका वास भरून राहिला होता. पाठ पुसायला काहीतरी मऊ हवं म्हणून तिने सगळं घर पालथं घातलं होतं.

"कापूस इथे आहे होय!"

"तो वेगळा आहे गं. त्याचे धागे सुटत नाहीत."

ताईने चारी भिंतींवर नजर फिरवली. छतापर्यंत काचेची कपाटं. अंतराळातल्या लढायांच्या सिनेमांचे जेवढे भाग निघाले होते, त्यांतलं झाडून सगळं सैन्य तिथे उभं होतं. यंत्रमानव, शेपटीवाल्या राण्या, भाडोत्री मारेकरी, आणि त्यांचीच जरा वेगळ्या रंगाची भावंडं. निम्मे तर खोक्यातून कधी बाहेरच निघाले नव्हते, पाठीमागच्या पुठ्ठ्यासकट तसेच्या तसे. धुळीचा कण म्हणून कुठे दिसत नव्हता. एसी मंद गुणगुणत होता.

"हे करतोयस काय?"

"उन्हाळ्यात जुनं प्लास्टिक घाम सोडतं. चिकट होतं बघ हाताला. रोज पुसलं नाही तर रंग जातो." हे सांगताना त्याच्या आवाजात इतकी माया होती की ताईला किळस आली. त्याने सेनापतीला अलगद पालथं केलं आणि त्याची पाठ पुसायला घेतली.

"बाबांची पाठ कधी पुसलीस?"

"ते बाई करतात ना, सकाळच्या."

"बाई काम सोडून गेल्यात. मागच्या आठवड्यातच. बाबांनीच सांगितलं मला."

"मला कुणी बोललं नाही," धाकटा म्हणाला. मधे एकच भिंत होती, आणि दिवसातून दोन वेळा जेवायला तो बाबांच्या उशाजवळूनच जात होता. तरी त्याला कुणी बोललं नाही!

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ऊठ. बाबांना इकडे आणू. कॉटला चाकं आहेत, ढकलली की येते. तू फक्त हे मधलं टेबल काढ."

"इकडे?" त्याने पहिल्यांदा मान वर केली. "इकडे नको ताई. मी बाहेर मोठा पंखा आणून लावतो. आजच आणतो, शप्पथ."

"का? इकडे का नको?"

तो कुचमला. मग लहान मुलाची समजूत घालावी तसं हळूच म्हणाला, "पुठ्ठे वास धरतात गं. एकदा धरला की जात नाही. उद्या कुणाला विकायचं म्हटलं तर घेणारा आधी नाकाला लावून बघतो."

ताईला तिथल्या तिथे थुंकावंसं वाटलं. जखमेची तिला किळस वाटली होती, पण ती धुऊन निघणारी होती. याला काय लावून धुवायचं?

"तू सात वर्षांचा होईपर्यंत अंथरूण भिजवायचास," ती म्हणाली. "बाबा नाकाला लावून बघत होते का रे तुला?"

उत्तराची वाट न बघता ती बाहेर गेली, पायाने कॉटचा खटका सोडला आणि ढकलायला लागली.

"कुठे नेतेस गं मला?" बाबांनी विचारलं.

"गारव्यात, बाबा. आतल्या खोलीत."

"त्याच्या खोलीत?" बाबांचा चेहरा उजळला. "त्याने बोलावलं?"

ताई कॉट ढकलत राहिली. पुढची चाकं उंबऱ्याला अडली. तिने जीव खाऊन रेटा दिला, तशी कॉट दणकन उडून अर्धी आत आली. टेबल कपाटाकडे सरकलं.

"ताई, अगं काच! काच फुटेल!" धाकटा ताडकन उठला आणि कपाटाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून मधोमध उभा राहिला.

पडल्यापडल्या बाबांना ना कपाटं दिसत होती ना खोकी. समोर मुलगा दिसत होता, आणि त्याचे पसरलेले हात. त्यांनी उशीवरून मान उचलली. किती दिवसांनी ते हसले असतील कोण जाणे.

"आलो रे," ते म्हणाले, आणि त्यांनीही आपले हात त्याच्याकडे पुढे केले. नखांत मळ होता, मनगटावर औषधाचे ओघळ वाळले होते.

धाकटा मागे सरला. सरायला जागा नव्हती, तरी सरला. पाठीमागची काच करकरली.