नवरीच्या न्हाण्याची मोरी

धुळ्यातील भिकुबाईंच्या मोरीतले पाणी निचरत नव्हते, आणि उद्या नात किरणचे हळदीचे न्हाण तिथेच व्हायचे होते. दिवसभर परक्यांची गटारे उपसून थकलेल्या युसूफभाऊंनी अंगणातल्या चेंबरचे झाकण सरकवले.

त्यांची परीक्षा ठरलेली होती. मोरीत हळदीचे पाणी ओतायचे. ते चेंबरमध्ये उशिरा उतरले तर अडथळा घरात, उतरून साचले तर रस्त्याच्या मुख्य वाहिनीत.

"ओता, अक्का!" त्यांनी आत मोरीपाशी असलेल्या भिकुबाईंना हाक दिली.

तत्क्षणी चेंबरमध्ये पिवळे पाणी पसरले. युसूफभाऊंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "उनं बठ्ठं पाणी! घरनी लाइन मोकळी शे."

"इतली काय घाई, भाऊ?" आतून भिकुबाई हसल्या. "हळद तर अजून तांब्यामाच शे."

युसूफभाऊंनी शिणलेले डोळे चोळले आणि ते वाकले. घराकडून येणारा पाइप कोरडा होता. पिवळे पाणी रस्त्याच्या बाजूने येत होते आणि अतिशय सावकाश, उलटे, घराकडे चढत होते. त्याच्या तळाशी फुटलेल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे किणकिणत होते.

त्यांनी घाईघाईने झाकण ओढले.

तेवढ्यात किरण आपले मोकळे हात नाचवीत दारात आली.

"आजी, चाल ना! कासार उना, हिरव्या बांगड्या भराले."