कड्यावरच्या शेळ्या

शिकवणीच्या आठव्या दिवशी बारावी यंत्रशेळीही आमरीचं फूल टाळून फक्त गवत कुरतडू लागली, तेव्हा ठकूबाईने समाधानाने पदराने तोंड पुसलं.

आमरीची, म्हणजे ऑर्किडची, ही इवलीशी जात याच कड्यावर उरली होती. तिच्या रक्षणासाठी ठकूबाईचा धनगरवाडा शेळ्यांसकट खाली हलवला गेला. मग गवत माजलं आणि आमरी गुदमरू लागली. शेळ्या हव्या होत्या, एवढं कळायला तज्ज्ञांना चौदा वर्षं आणि तीन समित्या लागल्या. तरी धनगरांना परत बोलावण्यापेक्षा शेळ्या बनवणं त्यांना सोपं वाटलं.

त्या शेळ्यांना राखणीची गरज असेपर्यंत ठकूबाईला वर राहायची मुभा होती. तिची जाऊ तिला म्हणालीही होती, "बये, थोडं हातचं राखून शिकीव." पण जनावराला अर्धवट वळण लावणं ठकूबाईला जमणारं नव्हतं. सगळ्या हाका ती देऊन बसली.

"मावशी, कमाल केलीत!" प्रकल्पाच्या आसावरी मॅडम म्हणाल्या. "तुमच्या हाका रेकॉर्ड झाल्या. उद्यापासून यायची तसदी नको."

"आन् माझं खोपाट?"

"नियम आहे हो. माणसांचा वावर आमरीला बाधतो."

ठकूबाई कडा उतरू लागली. निम्म्या वाटेवर सवयीने वळून तिने साद घातली, "हुर्रर्र, या गं बायांनो!"

बाराही शेळ्या कड्याच्या टोकाकडे धावल्या.

"मावशी, गप्प!" मॅडम वरून किंचाळल्या. "पडतील त्या! इथे पुन्हा तोंड उघडायचं नाही!"

ठकूबाईने ओठ मिटले. वर कर्ण्यातून तिचाच आवाज घुमला, आणि शेळ्या निमूट मागे फिरल्या.