चमचाभर तपकिरी

चौकटीचा शेवटचा स्क्रू निघाला. क्रांतीने चौकट उचलून बाजूला ठेवली आणि कॅनव्हासच्या कडेवर दिवा धरला. "हे तुम्हाला दाखवायचं होतं," ती म्हणाली.

ऑर्व्हिल गेन्स खुर्चीतून सावकाश उठले. वय एक्याऐंशी. मेम्फिसचे हे कृष्णवर्णीय चित्रकार जन्मभर अमूर्त चित्रं काढत आले होते. ना माणूस, ना झाड, नुसते रंग. चार दिवसांनी हॅम्बर्गच्या या संग्रहालयात त्यांच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन उघडणार होतं आणि हे चित्र दर्शनी भिंतीवर लागणार होतं.

आठ फूट रुंद, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी. पण चौकटीच्या लाकडाखाली पन्नास वर्षं दडून राहिलेली बोटभर पट्टी तपकिरी नव्हती. साडीच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात, तो तिथे झगझगत होता.

गेन्स वाकून पट्टीजवळ आले. मग म्हणाले, "हा अजून आहे होय."

"चित्र सगळं असंच होतं?" क्रांतीने विचारलं. नागपूरच्या बौद्ध घरातली ही मुलगी इथे जुन्या रंगांवर पीएच.डी. करत होती. चित्रकार हयात असेल तर त्याला विचारल्याशिवाय चित्राला हात लावायचा नाही, हा तिच्या कामातला पहिला नियम.

"सगळं. दुकानाच्या पाट्या रंगवायचा स्वस्त रंग होता. विकणाऱ्याने बजावलं होतं, उजेडात टिकणार नाही. तपकिरी मी चमचाभर घातला, गुलाबी फार भडक होऊ नये म्हणून. गुलाबी उडून गेला, चमचा तेवढा राहिला."

टेबलापलीकडे फ्राऊ ओल्टमान उभ्या होत्या. प्रदर्शनाची मांडणी त्यांची. अकरा वर्षं खपून त्यांनी गेन्स यांच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, 'माती आणि त्वचा'. ते परवाच छापून आलं होतं आणि त्याच्या मुखपृष्ठावर हीच तपकिरी होती. बाईंचा चेहरा असा उतरला की क्रांतीला त्यांची दया आली.

"आल्झो... म्हणजे," त्या म्हणाल्या, "मिस्टर गेन्स, हे तुम्ही कधीच बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही. हे चित्र विकलं गेलं तेव्हा रंग उडालेलाच होता. एका बड्या माणसाने पेपरात लिहिलं, या तपकिरीत एका जमातीचं दुःख साकळलं आहे. मी तेव्हा शाळेत फरशी पुसायचो. म्हटलं, असेल बुवा."

"पण दुःख तर होतंच ना?" फ्राऊ ओल्टमान यांनी विचारलं.

"होतं की. पुष्कळ होतं. पण या चित्रात नव्हतं." त्यांनी पट्टीवरून, न टेकवता, बोट फिरवलं. "त्या उन्हाळ्यात मी खुशीत होतो. कारण विचाराल तर काही खास नाही. सकाळी उठावं, रंग कालवावा, दिवसभर काम करावं. काळा माणूस नुसताच खुशीत असू शकतो, हे कुणाला सुचलंच नाही. मग मीही पुढची तीस वर्षं तपकिरीच काढत बसलो. मागणी तिलाच होती."

क्रांतीला आपली गोष्ट आठवली. मागच्या वर्षी एका परिषदेत तिने लाल रंगाच्या रसायनावर निबंध वाचला, तेव्हा ओळख करून देणाऱ्या प्राध्यापकांनी वीस मिनिटांतली बारा तिच्या समाजाच्या संघर्षावर खर्च केली होती. टाळ्याही त्यालाच पडल्या. रसायन बिचारं बाजूला राहिलं. तिला तेव्हा राग आला होता, आणि राग आला याची लाजही वाटली होती.

"माझं ऐका," फ्राऊ ओल्टमान म्हणाल्या. "चौकट परत बसवू. क्रांतीच्या अहवालात सगळी नोंद राहील, ज्याला अभ्यास करायचा तो वाचेल. हे आत्ता उघड झालं तर तुमच्याबद्दल आजवर लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर लोक शंका घेतील. चित्रांवरसुद्धा घेतील."

"या, गेनाऊ," गेन्स म्हणाले, म्हणजे 'हो, अगदी बरोबर'. आठवडाभरात तेवढं जर्मन त्यांनी उचललं होतं.

मग ते क्रांतीकडे वळले. "उडालेला रंग परत आणता येतो?"

"नाही. वरून नवा देता येईल. पण मग ते माझं चित्र होईल."

"चांगलंच होईल. तरी नको." चित्र वाळताच स्वतः बसवलेल्या त्या चौकटीकडे त्यांनी पाहिलं. जड लाकूड होतं, वर सोनेरी रेघ. "ही ठेवून द्या. चित्र असंच लावा, उघडं. कड दिसली पाहिजे."

फ्राऊ ओल्टमान स्टूल ओढून खाली बसल्या. अकरा वर्षांच्या कामाचं काय करायचं, हे एवढ्यात कुणाला सुचणार?

क्रांतीला आणखी एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला तिची जीभ रेटेना. "ही पट्टी अंधारात होती म्हणून वाचली," ती शेवटी म्हणाली. "भिंतीवर गेली की हाही रंग उडणार. कितीही मंद दिवे लावले तरी पाच वर्षं, फार तर सहा. आणि हा रंग दुसरीकडे कुठेच शिल्लक नाही."

गेन्स खुर्चीत बसले.

"मग भिंतीवरच्या पाटीवर तसं लिहा," ते म्हणाले. "लवकर येऊन बघा म्हणावं."